चिबड

अ‍ॅम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम.
पांढरी, गोल, सदऱ्याच्या बटणाहून लहान.
दहाची पट्टी मी खिडकीतून सरकवते
आणि कवडू नेवारे दर वेळी विचारतात,
"हे नेमकी करते काय, बाई?"

अमरावतीला दुसऱ्या वर्षाला असताना
मी हिचा सांगाडा फळ्यावर काढला होता :
सहा कोपऱ्यांचं कडं, एका कोपऱ्यात नायट्रोजन,
डोक्यावर आणखी एक कडं,
त्याच्या कानात क्लोरिनचा एकच डूल.
बाजूचा हात आखूड काढला म्हणून
सरांनी एक मार्क कापला.
त्या हाताच्या टोकाला अमाईन असतं,
ते पेशीच्या पडद्याला धरून बसतं,
लवकर सोडत नाही.

हे काही खिडकीतून सांगण्यासारखं नाही.
मंगळवार बीपी-शुगरचा, रांग पार हापशीपर्यंत.

पण नेवारे एकतीस वर्षं
उजव्या कालव्यावर चौकीदार होते,
सातव्या वितरिकेच्या गेटावर.
म्हणून म्हटलं, काका,
रक्तवाहिनीच्या भिंतीतसुद्धा बारीक गेटं असतात.
त्यातून कॅल्शियम आत शिरलं की भिंत आवळते,
वाट अरुंद होते, दाब चढतो.
ही गोळी त्या गेटावर बसते.
"पुरं बंद करते?"
पुरं नाही.
"मंग चौकीदार बरा हाय.
पुरं बंद करनाऱ्याले लोकं मारतेत."

पहिले सात-आठ दिवस ती नुसती साठत राहिली.
मग आकडा उतरला,
एकशे सत्तरवरून एकशे बत्तीस.
तिसऱ्या महिन्यात चपलेचा पट्टा घोट्यात रुतू लागला.
सुभद्राबाईंनी त्यांचं मीठ तोडलं, पाणी तोडलं,
एका गुरुवारी गोळीच तोडली.
शनिवारी आशाताईंनी घरी जाऊन मोजलं : एकशे चौतीस.
नेवारे पारावर सांगत सुटले,
गोळीबिगर बी बराबर हाय.

मंगळवारी एकशे अठ्ठ्याहत्तर.
दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा एकशे ऐंशी.

मी तोंड उघडणार,
की हिचं अर्धं ओसरायलाच दीड-दोन दिवस लागतात,
तेवढ्यात त्यांनीच हात वर केला.
"समजलं. हेडले गेट टाकलं
तरी टेलले दोन दिवस पानी ऱ्हायते.
म्या लोकाइले हेच सांगो."

बाकावर बसून त्यांनी अंगठ्यानं घोटा दाबला.
खड्डा पडला. तसाच राहिला.
मी म्हटलं, मीठ-पाण्याचं नाही हे, काका.
बारीक धमन्या उघडतात, शिरा नाही उघडत.
"म्हंजे येनारं वाढलं, जानारं तेवढंच."
हो.
"मंग मधातच पाझरन."
हो.
"चिबड."

कुठल्याच पुस्तकात मला हा शब्द मिळाला नव्हता.

मग ते माझ्याशी बोलेनासे झाले, बोलत मात्र राहिले.
कालव्याला लागून अकरा एकर चिबडली होती.
त्यातली तीन सिंधू वानखडेची.
वर पांढरा खार, खाली बुटाएवढा चिखल.
ती रोज गेटापाशी येऊन उभी राहायची,
भांडायची नाही, नुसती उभी.
"म्या म्हनो, बाई, टेलच्या लोकाइले पानी लागते.
खोटं नोतं ते."

डॉक्टरांनी गोळी अर्धी केली,
जोडीला दुसरी एक लिहिली.
मी ब्लेडनं पाचाची अडीच करत होते,
जरासा चुरा कागदावर सांडला.

आता काय आहे तिच्या वावरात?
मी सहज विचारलं.
"लव्हाळा," नेवारे म्हणाले,
आणि पायाकडे पाहत राहिले.

खड्डा अजून भरला नव्हता.
मागच्या बाईनं चिठ्ठी पुढे केली.